सीएसआरचे स्वयंचलन

संकेतस्थळाची ओळख पटवणारे आणि जोडणी सुरक्षित करणारे एसएसएल (खरे तर आता टीएलएस) सर्टिफिकेट मागताना सर्व्हरवर जी विनंती-फाइल तयार होते, तिला सीएसआर (सर्टिफिकेट सायनिंग रिक्वेस्ट) म्हणतात. ती हाताने न बनवता स्क्रिप्टकडून बनवून घेणे म्हणजे सीएसआरचे स्वयंचलन. फाइलचा साचा पीकेसीएस 10 या मानकाने (आरएफसी 2986, म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेतला एक, 2000) ठरवून दिला आहे. तिच्यात सार्वजनिक की, डोमेनची नावे आणि प्रायव्हेट कीने (सार्वजनिक कीच्या गुप्त जोडीदाराने) केलेली सही असते. प्रायव्हेट की सर्व्हर सोडून कुठेही जात नाही, म्हणून विनंती ऑनलाइन फॉर्मवर बनवून घेणे टाळलेलेच बरे.

सीएसआर बनवणाऱ्या ओपनएसएसएल या प्रोग्रामची ‘रेक’ कमांड देश, राज्य, शहर, संस्था असे एकेक विचारत बसते. कंटाळून नुसते एंटर दाबत गेले, तर देश म्हणून ऑस्ट्रेलियाचा ‘एयू’ आणि संस्था म्हणून ‘इंटरनेट विजिट्स पीटीवाय लिमिटेड’ छापून येते. ओपनएसएसएलचा पूर्वज एसएसएलईएवाय ऑस्ट्रेलियातला, त्याची ही खूण.

स्क्रिप्टमध्ये ही उत्तरे ‘सब्ज’ पर्यायातून एका ओळीत देतात. पासफ्रेज (की उघडण्याचा पासवर्ड) टाकायला कोणी हजर नसते, म्हणून की बहुधा विनापासफ्रेज ठेवतात. मग तिच्या फाइलची परवानगी 600 (फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल अशी) हवीच. घोटाळा बहुतेकदा नावांत होतो. क्रोमने 2017 मध्ये आवृत्ती 58 पासून ‘कॉमन नेम’ (मुख्य नावाचा जुना रकाना) बघणे सोडले, त्यामुळे प्रत्येक डोमेन ‘सॅन’ (सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम) यादीत लागते. ओपनएसएसएल 1.1.1 पासून ती ‘अ‍ॅडएक्स्ट’ने कमांडमध्येच देता येते, त्याआधी त्यासाठी कॉन्फिग फाइल लिहावी लागे.

फुकट सर्टिफिकेट देणारी सेवा लेट्स एन्क्रिप्ट 2015 च्या डिसेंबरमध्ये सर्वांसाठी खुली झाली आणि पुढे तिचा अ‍ॅक्मे प्रोटोकॉल (सर्टिफिकेट आपोआप मागण्याची पद्धत) आरएफसी 8555 (2019) म्हणून प्रमाणित झाला. सर्टबॉटसारखा क्लायंट (सर्व्हरवर चालणारा प्रोग्राम) की बनवतो, डोमेन आपल्याच ताब्यात असल्याचे सिद्ध करतो आणि सीएसआर शेवटच्या टप्प्यात पाठवतो. अ‍ॅडमिनला ती दिसतही नाही. सर्टिफिकेटची कमाल मुदत 398 दिवसांवरून 15 मार्च 2026 पासून 200, 2027 पासून 100 आणि 2029 पासून 47 दिवस असे वेळापत्रक सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था (सीए) आणि ब्राउझर कंपन्यांच्या सीए/ब्राउझर फोरमने ठरवल्याने हाताने काम करण्याची सोयच उरत नाही.

तरी स्क्रिप्ट गाफील ठेवते. नवे सर्टिफिकेट डिस्कवर येते, पण वेब सर्व्हर (उदा. एनजिनएक्स) रीलोड न केल्यास जुनेच चालू राहते. ते काम सर्टबॉटच्या ‘डिप्लॉय हुक’मध्ये (नवे सर्टिफिकेट आल्यावर आपोआप चालणाऱ्या आदेशात) घालतात. चाचणीसाठी लेट्स एन्क्रिप्टचा वेगळा ‘स्टेजिंग’ सर्व्हर आहे, कारण खऱ्या सर्व्हरवर तंतोतंत त्याच नावांची सर्टिफिकेटे आठवड्याला पाचच मिळतात.