ॲक्टिव्हटॅब की होस्ट परमिशन? एक्स्टेन्शन लिहिताना होणारा घोळ

आईसाठी एक बारकं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, लिहिलं होतं. मराठी बातम्यांच्या बऱ्याच साइटवर ओळी इतक्या दाटीवाटीने असतात की वरच्या ओळीचा ऊकार खालच्या ओळीच्या वेलांटीत जाऊन अडकतो, तर बटण दाबलं की अक्षर मोठं आणि दोन ओळींमधलं अंतर जास्त, बास एवढंच काम. मॅनिफेस्टमध्ये (एक्स्टेन्शनला काय काय लागतं ते सांगणारी फाइल) होस्ट परमिशन, म्हणजे कोणत्या साइटवर चालायची परवानगी हवी, म्हणून 'ऑल यूआरएल्स' म्हणजे सगळ्या साइट टाकलं, सगळीकडे चालायला लागलं, स्टोअरवर चढवलं. आईच्या लॅपटॉपवर इन्स्टॉल करताना मात्र क्रोमने विचारलं की हे सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचू आणि बदलू शकेल, चालेल का? आई म्हणाली, "हे माझं बँकेचंपण वाचणार का रे?"

खरं उत्तर 'वाचू शकतं' असंच होतं. माझा कोड वाचत नव्हता, पण परमिशन तेवढी होती.

आता हा डायलॉग मला आधी का दिसला नाही, तर आपण डेव्हलपर मोडमध्ये 'लोड अनपॅक्ड' करतो, म्हणजे स्टोअरऐवजी आपल्याच फोल्डरमधून एक्स्टेन्शन चढवतो, तेव्हा ही वॉर्निंग येतच नाही. त्यामुळे महिनाभर काम करूनही आपण लोकांकडे काय मागतोय ते आपल्यालाच दिसत नाही.

या कामाला खरं तर ॲक्टिव्हटॅब नावाची दुसरी परमिशन पुरेशी होती. दोन्हींमुळे पानात स्क्रिप्ट किंवा सीएसएस (पान कसं दिसावं ते ठरवणारा कोड) घालता येतं म्हणून लोक ते एकच समजतात, पण फरक आहे तो सुरुवात कोण करतं याचा. होस्ट परमिशन असेल तर त्या साइटचं पान उघडलं की एक्स्टेन्शन आपणहून आत जाऊ शकतं, कोणी काही दाबायची गरज नाही. ॲक्टिव्हटॅबमध्ये माणसाने आयकॉनवर क्लिक केलं, राइट क्लिकच्या मेन्यूतून निवडलं किंवा शॉर्टकट दाबला, तरच, आणि फक्त त्याच टॅबपुरता ॲक्सेस मिळतो, टॅब बंद केला किंवा दुसऱ्या साइटवर गेलात की संपला. इन्स्टॉल करताना याची वॉर्निंगच नाही.

इथे एक गोष्ट फार जणांना चकवते. त्याच साइटवरची दुसरी बातमी उघडली की अक्षर परत बारीक होतं आणि वाटतं परमिशन गेली. परमिशन जात नाही, साइट तीच आहे तोवर असते, पण पान नवीन लोड झालं म्हणून आपण घातलेलं सीएसएस उडालेलं असतं, ते परत घालायचं.

(आणि 'टॅब्स' नावाची परमिशन तिसरीच आहे हं, तिचा पानातल्या मजकुराशी संबंध नाही. ती टॅबचं यूआरएल, टायटल आणि छोटा आयकॉन दाखवते, आणि वॉर्निंग ब्राउझिंग हिस्टरीची येते. नुसता नवा टॅब उघडायला ती लागत नाही, उगाच मागू नका.)

मग 'मी डेटा गोळा करतच नाही तर मोठी परमिशन घेतली म्हणून काय बिघडलं' असं म्हणणारे बरेच भेटतात आणि ते प्रामाणिक असतात, पण परमिशन माणसाला मिळत नाही, एक्स्टेन्शनला मिळते. द ग्रेट सस्पेंडर हे खूप वापरलं जाणारं एक्स्टेन्शन २०२० मध्ये मूळ डेव्हलपरने दुसऱ्याला दिलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गुगलने मालवेअर म्हणून काढून टाकलं. अपडेट आपोआप येतात, त्यामुळे लोकांनी एका माणसावर विश्वास ठेवून दिलेलं सगळं न विचारता दुसऱ्याच्या हातात गेलं. ॲक्टिव्हटॅबवर चालणारं एक्स्टेन्शन असतं आणि नव्या मालकाने अपडेटमध्ये सगळ्या साइट मागितल्या असत्या, तर क्रोम ते बंद करून ठेवतं आणि वापरणाऱ्याने नवी वॉर्निंग मान्य केल्यावरच सुरू होतं. एकट्याने काम करणाऱ्याने आपल्या माघारीची एवढी सोय तरी करून ठेवावी असं मला मनापासून वाटतं.

होस्ट परमिशन वाईट आहे असं नाही. ॲड ब्लॉकरसारख्याला ती बऱ्याचदा लागते, क्लिक करेपर्यंत ट्रॅकर थोडेच थांबणार आहेत. आणि आईलाही रोज सकाळी प्रत्येक बातमीला बटण दाबायचा कंटाळा यायला लागला. त्यावर मॅनिफेस्ट व्ही३ मध्ये (एक्स्टेन्शनच्या नियमांची तिसरी आवृत्ती) ऑप्शनल होस्ट परमिशन आहे: सुरुवातीला काहीच मागायचं नाही, सेटिंगमध्ये 'या साइटवर नेहमी चालू ठेव' असं बटण द्यायचं आणि ते दाबल्यावर फक्त त्या साइटची परमिशन मागायची. ही मागणी क्लिकच्या आतूनच करावी लागते, पान लोड होताना केली तर ब्राउझर नाकारतो.

आईने दोन पेपरांच्या साइट चालू केल्यात. बाकी सगळीकडे ती बटण दाबते, आणि बँकेच्या पानावर दाबत नाही.