कुलूप दिसलं म्हणजे फाइल सुरक्षित झाली?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे अकाउंटंट मला म्हणाले, "अहो, ब्राउझरमध्ये कुलूप दिसतंय की! कामगारांची आधारकार्डं, पासबुकं क्लाउडवर बिनधास्त टाकतो आम्ही." हा समज वर्षानुवर्षं फिरतोय आणि तो चुकीचा आहे.

ते कुलूप फक्त वाटेपुरतं. सोलापूरहून क्लाउड कंपनीच्या सर्व्हरपर्यंत जाताना टीएलएस, म्हणजे त्या कुलपामागचं तंत्र, फाइल गुप्त ठेवतं. फाइल पोचली की त्याचं काम संपलं. कुलूप म्हणजे साइट भरवशाची, हा लोकांचा गैरसमज पाहून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदलूनच टाकलं.

साठवलेल्या फाइलीला वेगळं एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं रूपांतर) लागतं, बहुधा एईएस-२५६ या पद्धतीचं. मोठ्या क्लाउड कंपन्या ते आपणहून करतात; अ‍ॅमेझॉनची एस३ ही साठवण सेवा तर जानेवारी २०२३ पासून प्रत्येक नव्या फाइलीला. पण किल्ली सहसा कंपनीकडेच असते, आणि ज्याला परवानगी आहे त्याला फाइल उलगडूनच मिळते. या कारखान्यात तर फोल्डरची लिंक 'ज्याच्याकडे असेल तो पाहू शकेल' अशी उघडी होती! तिथे हे एन्क्रिप्शन काय कामाचं?

आम्ही आधी लिंक बंद केली. मग कागदपत्रं क्रिप्टोमेटर या सॉफ्टवेअरने कारखान्यातल्याच कॉम्प्युटरवर एन्क्रिप्ट करून चढवली. पासवर्ड आणि रिकव्हरी की (पासवर्ड विसरल्यास उपयोगी पडणारी किल्ली) कागदावर लिहून मालकांच्या तिजोरीत ठेवली, कारण दोन्ही हरवलं तर क्लाउड कंपनीलाही त्या फाइली उघडता येणार नाहीत.