अतिदक्षता विभागातील रुग्णाची ऊर्जेची गरज : अंदाज आणि मोजमाप

अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला दिवसाला किती किलोकॅलरी लागतात, हे सूत्राने अंदाज बांधून किंवा श्वासातले वायू मोजून ठरवतात. मोजण्याच्या पद्धतीला इनडायरेक्ट कॅलरीमेट्री म्हणतात. यंत्र महाग असल्याने बहुतेक ठिकाणी सूत्रावरच भागवले जाते.

सर्वांत सोपे सूत्र किलोमागे २५ किलोकॅलरीचे : ६० किलोच्या रुग्णाला १५००. पण शिरेतून दिलेले १२ लिटर पाणी अंगात साचले की पलंगाचा काटा ७२ किलो दाखवतो आणि तेच सूत्र १८०० सांगते. सुजेला अन्न लागत नाही. म्हणून आजारापूर्वीचे वजन नातेवाइकांना विचारून घ्यावे. १९१९चे हॅरिस-बेनेडिक्ट सूत्र निरोगी माणसांवर बेतलेले आहे. ताप, थरथर, गुंगीची औषधे त्यात धरलेलीच नाहीत. पेन स्टेट सूत्रात ताप आणि मिनिटाला होणारे श्वसन धरतात, म्हणून ते उजवे, तरी एकेका रुग्णात तेही बरेच चुकते.

मोजताना शरीराने घेतलेला ऑक्सिजन आणि सोडलेला कार्बन डायऑक्साइड वीअर यांच्या १९४९च्या समीकरणात घालतात. समजा, मिनिटाला ऑक्सिजन २५० मिली, कार्बन डायऑक्साइड २०० मिली. (३.९४१ × २५० + १.१०६ × २००) × १.४४ = दिवसाला सुमारे १७३७ किलोकॅलरी; १.४४ने मिनिटाचा मिलीतला हिशेब दिवसाचा होतो. दोन वायूंचे गुणोत्तर इथे ०.८ येते, ते ०.६७ ते १.३ यांच्या बाहेर गेले तर आकडा टाकून द्यावा.

आधी यंत्र तापू द्यावे, कॅलिब्रेशन करावे. रुग्णाला अर्धा तास शांत पडू द्यावे. त्या वेळात सक्शन (नळीतला कफ ओढून काढणे), कूस बदलणे, ड्रेसिंग नको. व्हेंटिलेटरची सेटिंग नुकतीच बदलली असेल तर तासभर थांबावे. सलग ५ मिनिटे दोन्ही वायूंचे आकडे १० टक्क्यांपेक्षा जास्त हलले नाहीत, तरच नोंद घ्यावी. श्वासनलिकेत घातलेल्या नळीच्या फुग्याशेजारून किंवा छातीतल्या नळीतून हवा गळत असेल, तर काही वायू यंत्रापर्यंत पोचतच नाही. व्हेंटिलेटरमधून दिल्या जाणाऱ्या हवेत ऑक्सिजन ६० टक्क्यांच्या वर असेल तर आत-बाहेरचा फरक इतका बारीक होतो की सेन्सरची किरकोळ चूकही फुगते. एक्मो (रक्त शरीराबाहेर नेऊन त्यात ऑक्सिजन मिसळणारे यंत्र) किंवा डायलिसिस चालू असेल तर कार्बन डायऑक्साइड शरीराबाहेर दुसऱ्या वाटेनेही जातो.

मोजलेला खर्च म्हणजे लगेच द्यायचा आहार नव्हे. पहिल्या काही दिवसांत शरीर स्वतःच्या साठ्यातून ऊर्जा काढत असते आणि बाहेरून दिलेल्या अन्नाने ते थांबत नाही. पूर्ण आकडा तेव्हाच दिला तर अतिपोषण होते. म्हणून आहार हळूहळू वाढवतात. हिशेबात प्रोपोफोल हे चरबीत मिसळलेले गुंगीचे औषधही धरावे : त्याच्या दर मिलिलिटरमध्ये चरबीच्या १.१ किलोकॅलरी असतात. तासाला १५ मिली चालू असेल तर दिवसाला ३९६, आणि फीडच्या तक्त्यावर हा आकडा हमखास राहून जातो.