कारवी मरणारच आहे तर तोडली म्हणून काय बिघडलं? खुलासा

येऊरला कारवी (जांभळ्या फुलांचं रानझुडूप) फुलली की ठाण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तेच फिरायला लागतं, बारा वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलली की मरतेच, मग दोन फांद्या घरी नेल्या तर काय झालं.

बारा वर्षांचा हिशोब केरळ-तमिळनाडूच्या नीलकुरिंजी या झुडपाचा, आपली कारवी साधारण आठ वर्षांनी फुलते. संजय गांधी नॅशनल पार्कात, म्हणजे येऊरचं जंगलही त्यातच आलं, २००८, २०१६ आणि २०२४ ला मोठा बहर होता. मधल्या वर्षात एखादा पट्टा फुललेला दिसतो, तेही नॉर्मलच.

मरते हे मात्र खरंय. पण मरायच्या आधी ती काय करते ते बघा ना! जांभळी फुलं गळली की त्या चिकट, केसाळ तुऱ्यात फळं धरतात, झाड सुकतं तरी फळं त्यावरच राहतात आणि पुढच्या वर्षी पहिल्या पावसाचा ओलावा लागला की तडतड आवाज करत फुटतात, बी लांब उडतं. पुढची सगळी कारवी याच बियांतून येते, त्यामुळे तुरा तोडला की त्यातलं बी गेलं, आणि त्या झाडाला दुसरा चान्स नाही.

म्हणून सुकलेल्या काड्याही प्लीज उपटू नका, कचरा वाटला तरी. आणि नॅशनल पार्कातलं फूल तोडणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. फोटो काढा की हवे तेवढे, पायवाटेवरूनच मस्त येतात.