हाताला कळते ते आणि कॅमेऱ्याला दिसते ते

करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरहून अधिक लांब आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या सहा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन एसटीने यायचे, अर्धा-पाऊण तास व्यायाम करून घ्यायचे आणि दिवेलागणीला घर गाठायचे, तर आईचा रोज बुडतोच, शिवाय मूल प्रवासाने इतके आंबलेले असते की फिजिओथेरपिस्टसमोर ते पाय उचलायलाही राजी होत नाही. कोविडच्या टाळेबंदीत व्हिडिओ कॉलवरून व्यायाम शिकवण्याची पद्धत अनेक ठिकाणी रुळली आणि त्याच सुमारास, मार्च २०२० मध्ये, भारतात डॉक्टरांसाठी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वेही आली. आता प्रश्न उरतो तो वाटणीचा: कोणते काम फोनवर सोपवावे आणि कशासाठी मुलाला घेऊन यावेच लागावे?

सेरेब्रल पाल्सी ही वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मावेळी किंवा जन्मानंतरच्या कोवळ्या वयात झालेल्या इजेतून उद्भवणारी, हालचाल आणि शरीराचा तोल यांवर परिणाम करणारी अवस्था आहे. मेंदूतील इजा पुढे वाढत नाही, शरीर मात्र वाढते. हाडे लांब होतात, ताठर स्नायू त्या वेगाने लांबत नाहीत आणि मूल टाचा उचलून चालू लागते.

या टाचेचेच उदाहरण घेऊ. फिजिओथेरपिस्ट मुलाचे पाऊल हातात धरून आधी सावकाश वर वाकवतो आणि मग झटक्यात. सावकाश वाकवताना पाऊल सहज वर जात असेल, पण झटक्याने नेताना मध्येच अडत असेल, तर तो मेंदूकडून येणाऱ्या चुकीच्या संदेशांमुळे निर्माण झालेला ताठरपणा असतो. सावकाश वाकवूनही पाऊल वर जात नसेल, तर स्नायूच आखूड झालेला असण्याची शक्यता अधिक. पहिल्या स्थितीत ताठर स्नायू तात्पुरता सैल करणाऱ्या बोट्युलिनम इंजेक्शनचा विचार होऊ शकतो, ज्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो. दुसऱ्या स्थितीत प्लास्टर, पाऊल योग्य स्थितीत धरून ठेवणारा खास बूट किंवा शस्त्रक्रिया असे मार्ग पाहावे लागतात. बाहेरून दोन्ही टाचा सारख्याच उचललेल्या दिसतात. हा फरक बोटांना जाणवतो, पडद्यावर तो दिसत नाही. खुब्याचेही तसेच आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या सुमारे एकतृतीयांश मुलांचा खुबा हळूहळू जागेवरून सरकतो, अनेकदा सुरुवातीला काहीही न दुखता, आणि तो वेळीच ओळखायला ठरावीक काळाने एक्स-रे काढावाच लागतो.

दवाखान्यात मात्र घर दिसत नाही. समजा, कुंभारीच्या विडी घरकुलातील एक आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसली आहे आणि तिच्या शेजारी तिची मुलगी दोन्ही पाय मागे बाहेरच्या बाजूंना टाकून फरशीवर खेळते आहे. दवाखान्यात ही मुलगी उंच खुर्चीत नीट बसते. घरी त्या मापाची खुर्चीच नाही. व्हिडिओ कॉलवर ते ध्यानात आले, तर उलट्या ठेवलेल्या पातेल्यावर किंवा दुमडलेल्या सोलापुरी चादरीच्या जाड घडीवर तिला पाय पुढे घेऊन बसवता येते का, हे तिथल्या तिथे करून पाहता येते. मेंदू हालचाल शिकतो तो ती अर्थपूर्ण कामात वारंवार करून. त्यामुळे आठवड्यातून एकदा गादीवर पडून केलेल्या व्यायामापेक्षा रोज पाण्याचा तांब्या उचलणे आणि उंबरा ओलांडणे मला अधिक मोलाचे वाटते.

कॉलची तयारी मात्र करावी लागते, आणि ती कोणी सांगत नाही. मुलाला आखूड चड्डी घालावी, पाय अनवाणी ठेवावेत, फोन मुलाच्या कमरेच्या उंचीवर आणि बाजूने धरावा, म्हणजे गुडघा व टाच एकाच वेळी दिसतात. मागे उघडी खिडकी असली, तर मुलाची फक्त काळी आकृती दिसते. रेंज तुटत असेल, तर चालण्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ आधीच काढून पाठवलेला बरा. तो थांबवून, पुन्हा संथ लावून पाहता येतो, जे चालत्या मुलाच्या बाबतीत दवाखान्यातही जमत नाही. आईचे हात योग्य जागी पडावेत म्हणून फिजिओथेरपिस्टने पडद्यावर बाहुलीवर दाखवावे, पण पहिल्यांदा ताण देणे समोरासमोरच शिकवावे, कारण किती जोर लावायचा हे शब्दांत सांगता येत नाही. फिट येणाऱ्या किंवा गिळताना ठसका लागणाऱ्या मुलाचे पहिले मूल्यमापन फोनवर करूच नये.

मुलांच्या वाढीतील अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून उभी राहिली आहेत. तिथली प्रत्यक्ष तपासणी आणि मधल्या आठवड्यांतील कॉल यांची सांगड घालायची, तर दोन्हींची नोंद एकाच वहीत हवी. बूट पायाला घट्ट होऊ लागला, कातडीवर लाल वळ अर्ध्या तासानंतरही गेला नाही किंवा पूर्वी जमणारी गोष्ट मूल अचानक करेनासे झाले, तर पुढच्या कॉलची वाट न पाहता सोलापूरची एसटी पकडावी.