लाकडातून इंधन: तेलटंचाईच्या पोटी जन्मलेला उद्योग

स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतात, ऱ्हाइन नदीच्या वरच्या खोऱ्यात डोमाट/एम्स नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर या देशाला जवळजवळ चारही बाजूंनी जर्मनी, इटली किंवा त्यांच्या ताब्यातल्या मुलखाने वेढले होते. समुद्रकिनारा नाही, तेलाची विहीर नाही. पेट्रोल आले तर शेजाऱ्याच्या मर्जीने यायचे. अशा वेळी १९४१ मध्ये एम्सला एक कारखाना उभा राहू लागला आणि पुढच्या वर्षी त्यातून मोटारीचे इंधन बाहेर पडू लागले. कच्चा माल होता आसपासच्या डोंगरांतले, सरपणापलीकडे फारशी किंमत नसलेले लाकूड. कंपनीच्या जर्मन नावाचा अर्थच मुळी ‘लाकडाची साखर करणारी कंपनी’ असा होता. लोक तिला आद्याक्षरांवरून ‘होवाग’ म्हणत, आणि पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या तिच्या इंधनाला ‘एम्सचे पाणी’.

आज ‘लाकडापासून इथेनॉल’ ही भविष्यातली गोष्ट म्हणून सांगितली जाते. प्रत्यक्षात ती शंभर वर्षांहून अधिक काळ अधूनमधून घडत आली आहे. बहुतेक वेळा ती तेलाच्या टंचाईत सुरू झाली आणि तेल स्वस्त होताच थांबली. असे का झाले हे समजून घ्यायचे, तर आधी लाकडाच्या पोटात शिरावे लागते.

महाराष्ट्रात इथेनॉल म्हटले की साखर कारखाना, मळी आणि आसवनी डोळ्यांसमोर येते. उसात साखर तयारच असते; यीस्ट घातले की ती आंबते आणि अल्कोहोल मिळते. मक्यात किंवा तांदळात स्टार्च असतो. त्याची साखर करणे थोडे कष्टाचे, पण जमते. लाकडातही साखर आहे आणि भरपूर आहे, फक्त ती बंदिस्त आहे. कोकणातली जुनी कुडाची भिंत आठवा. कारवीच्या काठ्या उभ्या रचायच्या, आडव्या कांब्यांनी बांधायच्या आणि वरून शेणमाती लिंपायची. लाकडाची रचना साधारण अशीच असते. काठ्या म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या. लाकडाच्या कोरड्या वजनाचा चाळीस-पंचेचाळीस टक्के भाग त्यांचा. बांधणी म्हणजे हेमिसेल्युलोज, वेगवेगळ्या साखरांची मिसळ. आणि लिंपण म्हणजे लिग्निन, ज्यात साखर अजिबात नाही. झाडाला हे लिंपण बुरशी आणि किड्यांपासून बचावासाठीही उपयोगी पडते. त्यामुळे ते सहज फुटेल अशी अपेक्षा ठेवणेच चूक आहे.

पहिल्यांदा ते फोडले फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी ब्राकोनो याने, १८१९ मध्ये. लाकडाचा भुसा आणि कापडाच्या चिंध्या यांवर त्याने सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली आणि साखर मिळवली. म्हणजे मूळ शोधाला दोनशे वर्षे उलटली. पण प्रयोगशाळेतल्या मूठभर भुशाचे कारखान्यातल्या गाडीभर भुशात रूपांतर व्हायला एकोणिसावे शतक संपत आले. जर्मनीत सौम्य आम्लाच्या पद्धतीवर काम झाले, आणि १९१० च्या सुमारास अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातल्या जॉर्जटाऊन गावी ‘स्टँडर्ड अल्कोहोल कंपनी’ने कारखाना उभारला. पुढे लुइझियानातल्या फुलर्टनलाही तसाच दुसरा झाला. दोन्ही ठिकाणी मोठ्या सॉ मिल होत्या, त्यामुळे भुसा जवळजवळ फुकट होता. पहिले महायुद्ध संपले, लाकूडकाम मंदावले, भुसा कमी झाला आणि हे कारखाने बंद पडले.

आम्लाच्या पद्धतीत एक पेच होता आणि तो आजवर पुरता सुटलेला नाही. आम्ल सौम्य ठेवले तर उष्णता वाढवावी लागते, आणि त्या उष्णतेत तयार झालेली साखरच पुन्हा मोडून फर्फ्युरलसारखी द्रव्ये बनतात. ती यीस्टला विषासमान. आम्ल तीव्र ठेवले तर साखर छान मिळते, पण लोखंडी भांडी गंजून जातात आणि महागडे आम्ल परत मिळवण्याचा खर्च बोकांडी बसतो.

स्वीडनने वेगळी वाट काढली. तिथे सल्फाइट पद्धतीने कागदाचा लगदा करताना साखरेचे पाणी वायाच जात होते. १९०९ पासून तेच आंबवून अल्कोहोल काढायला सुरुवात झाली आणि पुढे ते पेट्रोलमध्ये २५ टक्क्यांपर्यंत मिसळून विकले गेले. लाकूड मुद्दाम फोडावेच लागत नसल्याने हा मार्ग सर्वांत टिकाऊ ठरला. नॉर्वेतल्या सार्प्सबोर्गला १९३८ मध्ये असेच अल्कोहोल निघू लागले.

जर्मनीत मात्र हा सगळा उद्योग युद्धाच्या तयारीत ओढला गेला. पहिल्या महायुद्धातल्या नाकेबंदीची आठवण तिथे ताजी होती. हाइनरिश शोलर यांनी हॅम्बुर्गजवळच्या टोर्नेश गावी सौम्य आम्लाची पद्धत सुधारली. लाकडाच्या थरावर गरम आम्ल एकदाच ओतून ठेवण्याऐवजी ते थोडे थोडे झिरपू द्यायचे आणि तयार झालेली साखर मोडण्याआधीच बाहेर काढायची. कल्पना साधी, पण उत्पादन त्यामुळे लक्षणीय वाढले. दुसरीकडे फ्रीडरिश बेर्गियुस हे १९३१ चे रसायनशास्त्राचे नोबेल विजेते तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाने लाकूड विरघळवत होते. त्यांचा रोख इंधनापेक्षा खाद्यावर अधिक होता. लाकडाची साखर जनावरांना आणि गरज पडली तर माणसांना, असा त्यांचा विचार. हिटलरच्या राजवटीला ‘परकीय मालावर अवलंबून नसलेला देश’ हवा होता आणि लाकूड त्या घोषणेत चपखल बसत होते. मला या इतिहासातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते. ज्या स्वावलंबनाची आपण आज सहज प्रशंसा करतो, ते तिथे युद्धाची पूर्वतयारी होते.

सोव्हिएत संघाचे कारण निराळे. १९३० च्या दशकात तिथे कृत्रिम रबर अल्कोहोलपासून बनू लागले होते आणि ते अल्कोहोल धान्य-बटाट्यांतून येत होते. रबरासाठी अन्न जाळायचे नाही म्हणून लाकडाकडे वळणे भाग पडले. त्यातून लाकडावर आम्लप्रक्रिया करणारा स्वतंत्र उद्योगच उभा राहिला. तेथील डझनावारी कारखाने १९९० च्या दशकापर्यंत चालले. नफ्याचा हिशोब सरकार मागत नव्हते म्हणून ते इतके टिकले, हेही खरे. संघ कोसळल्यावर त्यांतले बहुतेक बंद पडले.

अमेरिकेनेही युद्धकाळात ऑरेगॉनमधल्या स्प्रिंगफील्ड गावी सॉ मिलच्या भुशापासून अल्कोहोल काढण्याचा मोठा कारखाना हाती घेतला. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या वनोत्पादन प्रयोगशाळेने शोलर पद्धत त्यासाठी आणखी सुधारून दिली होती. कारखाना पूर्ण होईपर्यंत युद्ध संपले.

एम्सचे काय झाले? युद्ध संपल्यावरही स्विस सरकारने काही वर्षे त्या इंधनाला आधार दिला. आता त्यामागचे कारण इंधन नव्हते, तर रोजगार होता. ग्राउब्युंडेन गरीब डोंगराळ प्रांत, आणि कारखाना तसेच लाकूडतोड यांवर अनेक घरे चालत. पण बाहेरचे पेट्रोल स्वस्त आणि मुबलक झाले होते, आणि त्यात महागडे ‘एम्सचे पाणी’ मिसळायचे ओझे मोटार चालवणाऱ्यांना नको होते. १३ मे १९५६ ला हा प्रश्न थेट जनमताला टाकला गेला आणि मतदारांनी मदत नाकारली. कंपनीने तोवर कृत्रिम धाग्यांकडे मोर्चा वळवला होता. ती आजही आहे, उत्तम चालते, फक्त लाकडाची साखर करत नाही. एका इंधनाचे भवितव्य मतपेटीतून ठरल्याची अशी उदाहरणे थोडी.

कथेला पुढचे वळण पुन्हा युद्धानेच दिले, पण अगदी अनपेक्षित बाजूने. प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू आणि पट्टे पाहता पाहता कुजत होते. दमट हवेतली बुरशी सुताचे सेल्युलोज खात होती. ही नासाडी थांबवण्यासाठी लष्कराने बुरशीचे नमुने गोळा केले. त्यातला एक नमुना कापडावर विलक्षण वेगाने तुटून पडत होता. एल्विन रीस आणि मेरी मँडेल्स या संशोधकांनी तो मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिक येथील लष्करी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे अभ्यासला. हळूहळू प्रश्नच उलटा झाला. सेल्युलोज वाचवायचे कसे, याऐवजी या बुरशीची विकरे, म्हणजे एन्झाइम, वापरून त्याची साखर कशी करायची? आम्ल नको, भट्टीसारखी उष्णता नको, साखर मोडण्याची भीती नको. १९७७ मध्ये या बुरशीला रीस यांच्या नावावरून ‘ट्रायकोडर्मा रीसेई’ असे नाव मिळाले. आज जगात सेल्युलोज फोडणारी जी विकरे औद्योगिक प्रमाणावर बनतात, त्यातली बरीच या कुळातली आहेत.

हे संशोधन नेमक्या वेळी उपयोगी पडले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलबंदी जाहीर केली आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव तिपटीहून अधिक वाढला. ब्राझीलने १९७५ मध्ये उसाच्या इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि १९८० च्या दशकात उबेर्लांदिया येथे सोव्हिएत तंत्राने निलगिरीच्या लाकडापासून अल्कोहोल काढून पाहिले. ऊस टिकला, निलगिरी टिकली नाही. १९८६ मध्ये तेल पुन्हा कोसळले आणि बहुतेक ठिकाणचा उत्साह ओसरला. प्रयोगशाळा मात्र थांबल्या नाहीत. हेमिसेल्युलोजमधली झायलोज ही साखर साध्या यीस्टला आंबवता येत नाही. फ्लोरिडा विद्यापीठात लोनी इंग्रम यांच्या गटाने जनुके बदलून ती आंबवू शकणारा जिवाणू तयार केला. मार्च १९९१ मध्ये त्याला मिळालेले पेटंट अमेरिकेच्या इतिहासातले पन्नास लाखावे होते.

मग आले २००६. ३१ जानेवारीच्या भाषणात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी देशाला तेलाचे व्यसन जडल्याचे सांगितले आणि लाकडाच्या चिपा, ताटे व गवत यांपासून इथेनॉल काढण्याची भाषा केली. मध्यपूर्वेतून येणाऱ्या तेलाच्या तीन चतुर्थांशाहून अधिक आयातीला २०२५ पर्यंत पर्याय उभा करायचा, असे ते उद्दिष्ट. पुढच्याच वर्षी कायदा झाला: २०२२ पर्यंत वर्षाला ३६ अब्ज गॅलन जैवइंधन, त्यातले १६ अब्ज गॅलन, म्हणजे सुमारे ६,००० कोटी लिटर, सेल्युलोजपासून. जो माल बाजारात एक थेंबही नव्हता, त्याचे आकडे कायद्याने वर्षवार बांधून दिले. २०१० साठी १० कोटी गॅलन ठरले होते. पर्यावरण संस्थेला ते ६५ लाखांवर आणावे लागले, आणि तेही प्रत्यक्षात आले नाहीत.

या काळाची खूण म्हणून जॉर्जिया राज्यातले सोपर्टन लक्षात ठेवावे. पाइनच्या जंगलांनी वेढलेल्या या छोट्या गावात ‘रेंज फ्युएल्स’ने नोव्हेंबर २००७ मध्ये कारखान्याची पायाभरणी केली. कंपनीमागे होते पुण्यात जन्मलेले सिलिकॉन व्हॅलीतले गुंतवणूकदार विनोद खोसला. पद्धत वेगळी होती. लाकडाची साखर करायचीच नाही. ते तापवून त्याचा वायू करायचा आणि उत्प्रेरकांवरून नेऊन अल्कोहोल बनवायचे. लिग्निनचाही वापर होत असल्याने कागदावर ती आकर्षक दिसत होती. केंद्र सरकारने ७.६ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले, शिवाय ८ कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली. २०१० मध्ये कारखान्यातून निघाले ते मुख्यतः मिथेनॉल. इथेनॉलची जेमतेम एक खेप झाल्यावर २०११ च्या सुरुवातीला काम थांबले. पुढच्या जानेवारीत सगळी मालमत्ता ५१ लाख डॉलरना विकली गेली.

तंत्र फसले एवढेच म्हणून हा विषय मिटवता येत नाही. लाकूड हा अवजड, ओला, जागा खाणारा माल. कारखाना मोठा केला तर इथेनॉल स्वस्त पडते, पण तेवढे लाकूड लांबून आणावे लागते आणि वाहतूक बचत गिळते. कारखाना लहान ठेवला तर यंत्रांचा खर्च झेपत नाही. त्यात त्याच वर्षांत अमेरिकेत खडक फोडून तेल काढण्याचे तंत्र बहरले, देशातले उत्पादन झपाट्याने वाढले आणि २०१४ मध्ये जागतिक भाव पडले. परकीय तेलाची चिंता लाकडाने नव्हे, खडकाने हलकी केली.

भारतात पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्याची कल्पना नवी नाही. त्यासाठीचा कायदा १९४८ चा आहे. आजच्या कार्यक्रमाची सुरुवात २००१ मध्ये तीन ठिकाणच्या चाचण्यांनी झाली, त्यातली मिरज आणि मनमाड ही दोन महाराष्ट्रातली. तिथून २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणापर्यंत आपण पोहोचलो, पण ऊस आणि धान्याच्या जोरावर. उसाला लागणारे पाणी आणि मक्याचे वाढते भाव पाहता साखर-स्टार्चबाहेरचा कच्चा माल शोधणे मला अत्यावश्यक वाटते. मात्र जंगले तोडून इंधन करण्याचा मार्ग आपल्याकडे नाही आणि नसावाही. म्हणूनच तेच लिंपण फोडण्याचे तंत्र इथे पेंढ्यावर आणि बांबूवर वापरले जात आहे. पुण्याच्या ‘प्राज इंडस्ट्रीज’ने २०१७ मध्ये दौंडजवळ प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. त्याच कंपनीच्या तंत्रावर इंडियन ऑइलचा पानिपतचा प्रकल्प ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झाला. वर्षाला सुमारे दोन लाख टन भाताचा पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल, अशी त्याची आखणी आहे.

लाकडाच्या सर्वांत जवळचा प्रकल्प आसाममध्ये आहे. गोलाघाट जिल्ह्यातल्या नुमालीगड येथे बांबूपासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. तंत्र फिनलंडचे, बांबू ईशान्येतल्या शेतकऱ्यांचा. २०१७ मध्ये वनकायद्यातून बांबूला ‘झाड’ या व्याख्येबाहेर काढल्याने जंगलाबाहेर लावलेला बांबू तोडून विकण्याची त्यांची वाट आधीच मोकळी झाली होती.

सोपर्टनच्या त्या जागेवर जानेवारी २०२४ मध्ये नव्या कारखान्याचे उद्घाटन झाले. तो इथेनॉलपासून विमानाचे इंधन बनवण्यासाठी आहे. भोवती पाइनची जंगले तशीच उभी आहेत, पण कारखान्याला लागणारे इथेनॉल बाहेरून विकत आणायचे आहे.