उसात ड्रोन फवारणी बोलावण्याआधी

आमचा पायलट शेतावर येऊन "आज नको" म्हणाला, तर त्या फेरीचे पैसे आम्ही घेत नाही. त्याच्या पगारातूनही काही कापत नाही. चारपाच एकरांसाठी त्याने मन मारून ड्रोन उडवावा, असं आम्हाला मुळीच वाटत नाही. तुम्हीही आग्रह करू नका, ही कळकळीची विनंती.

बहुतेक वेळा नकार वाऱ्यामुळे असतो. पाठीवरच्या पंपाने एकरी दीडदोनशे लिटर पाणी लागतं, ड्रोनला साधारण दहा लिटर. औषध मात्र तेवढंच. म्हणजे थेंब बारीक आणि कितीतरी कडक. उसातल्या तणासाठी टू-फोर-डी मारताना असे थेंब शेजारच्या द्राक्षबागेत गेले, तर कोवळी पानं पंख्यासारखी आकसतात आणि शेजाऱ्याचं वर्षाचं पीक धोक्यात येतं. म्हणून जवळ द्राक्ष, कापूस किंवा भाजीपाला असेल तर ड्रोनने तणनाशक आम्ही मारतच नाही, वारा कितीही मंद असो. भल्या पहाटे पानही हलत नसतं तेव्हा फवारणीला वेळ चांगली वाटते, पण त्या थिजलेल्या हवेत बारीक थेंब खाली न बसता धुक्यासारखे तरंगत राहतात. थोडं ऊन चढू द्यावं लागतं.

दुसरी गोष्ट तारांची. गेल्या वर्षी एका मळ्यात खांबावरून विहिरीच्या मोटारीकडे गेलेली सैल वायर शेवरीच्या फांद्यांत लपली होती. कॅमेऱ्यात ती दिसलीच नाही. बांधावर उभा असलेला मदतनीस ओरडला म्हणून ड्रोन दोन हातांवर थांबला. तेव्हापासून पायलट आधी तुमच्यासोबत पूर्ण बांध चालतो. डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर), खांबाला दिलेल्या ताणाच्या तारा, वायरी, सगळं दाखवा. वाटेकरी कुणी उसात पाला काढत असेल तर तेही सांगा. उंच उसात माणूस वरून दिसत नाही.

पोरांना ड्रोनचं कौतुक असणारच, पण पंखे बोट तोडतात. पायलट सांगेल त्या रेषेमागेच उभं राहा.

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार पायलटकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट आणि ड्रोनला नोंदणी क्रमांक असतो. बिनधास्त बघायला मागा.

उतरवलेली बॅटरी गरम असते, ती निवल्याशिवाय चार्जिंगला लावत नाही. झाडाखाली सावलीची जागा दिलीत तर तेवढा वेळ वाचेल.